फिश फिंगरचे पाकीट, साधे फिलेट की रवा लावलेला बंगडा?

फ्रोझन फिश फिंगर घरी आणावेत की नाहीत, ही चर्चा बहुधा ‘गोठवलेले म्हणजे निःसत्त्व’ या समजुतीपाशीच अडकून पडते. ही समजूत आधी बाजूला ठेवावी. उणे १८ अंश सेल्सिअसला नीट साठवलेल्या माशातील प्रथिने आणि खनिजे जवळपास जशीच्या तशी राहतात, आणि चटकन गोठवलेला मासा बर्फात दोन-तीन दिवस फिरून टोपलीत आलेल्या माशापेक्षा पुष्कळदा सरसच निघतो. पोषणात खरा फरक पडतो तो माशाभोवतीच्या आवरणामुळे आणि आत मासा कोणता आहे यामुळे.

फिश फिंगर तयार करताना फिलेटची, म्हणजे माशाच्या काटे काढलेल्या मांसल तुकड्यांची, गोठवलेली लादी करवतीने कापून तिच्या कांड्या करतात, त्यांवर पिठाचे पातळ मिश्रण आणि ब्रेडचा चुरा यांचे थर चढवतात, आणि आवरण पक्के बसावे म्हणून त्या थोडा वेळ गरम तेलातून काढून पुन्हा गोठवतात. म्हणजे आपल्या कढईपर्यंत येण्याआधीच या पदार्थाने एकदा तेल प्यायलेले असते. ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये भाजले तर ते वाढत नाही इतकेच. पाकिटावर ‘मासा ५५ टक्के’ असे लिहिलेले असेल तर ३०० ग्रॅमच्या पाकिटात १६५ ग्रॅम मासा आला. उरलेले १३५ ग्रॅम म्हणजे मुख्यतः मैदा, ब्रेडचा चुरा, स्टार्च, तेल आणि पाणी. एक कांडी शिजवून आडवी मोडून पाहिली तरी हे दिसते: आत पांढऱ्या माशाच्या सुट्या पाकळ्या दिसल्या तर ते सलग फिलेट असते, आणि एकजीव, रबरासारखा गर दिसला तर बहुधा कुटलेला मासा असतो.

अशा १०० ग्रॅम पदार्थातून साधारण २०० ते २५० कॅलरी, ११ ते १४ ग्रॅम प्रथिने आणि जवळपास २० ग्रॅम कर्बोदके मिळतात. त्याच वजनाच्या साध्या, आवरण नसलेल्या कॉड या पांढऱ्या समुद्री माशामध्ये सुमारे ८० कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिने आणि एक ग्रॅमहूनही कमी चरबी असते. बंगड्यात प्रथिने साधारण १९-२० ग्रॅम असतात आणि चरबी हंगामानुसार कमी-जास्त होते. पण ती चरबी माशाची स्वतःची असते, त्यामुळे तिच्यासोबत ओमेगा-३ मेदाम्ले आणि ड जीवनसत्त्व येते. भारतात मिळणाऱ्या अनेक पाकिटांत बासा हा गोड्या पाण्यातील मासा वापरलेला असतो. तो पचायला हलका, बिनकाट्याचा आणि बेताच्या प्रथिनांचा आहे, मात्र ओमेगा-३ त्यात फारच थोडे असते. हृदयासाठी म्हणून मासे खाणाऱ्याने ती अपेक्षा बंगडा किंवा तारलीकडूनच ठेवावी.

घरचा मासा म्हणून सगळेच निर्दोष ठरत नाही. रव्याचा जाड लेप, तव्यावर साचलेले तेल आणि हळद-मसाल्याबरोबर सढळ हाताने पडलेले मीठ यांनी बंगड्याचाही हिशेब बिघडतो. फरक एवढाच की इथे रवा झटकणे, तेल निथळणे आणि मीठ बेताने घालणे आपल्या हातात असते. फिश फिंगरमधील मीठ ठरूनच आलेले असते: १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर अडीचने गुणून ते एक ग्रॅम मीठ होते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. वर केचप घेतला तर तो आकडा वेगळा मिळवावा लागेल.

किमतीची तुलना करताना मात्र पाकिटावर अन्याय होऊ नये. अख्खा बंगडा घेतला तरी डोके, आतडी आणि काटा वजा जाता खाण्याजोगा भाग निम्म्याच्या आसपासच उरतो. आवरणासाठी मोजलेले पैसे म्हणूनच मला तितकेसे खुपत नाहीत. खुपते ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात लपवलेले माशाचे नाव.

काट्यांच्या धास्तीने माशाला हातच न लावणाऱ्या मुलासाठी आठवड्यातून एखाद्या वेळी, भाजलेले आणि सलग फिलेटचे फिश फिंगर घेण्यास हरकत नाही. फक्त त्या ताटात पोळी किंवा भात थोडा कमी वाढावा, कारण आवरणाचा मैदा त्यांचीच जागा घेतो. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, तसेच केवळ प्रथिनांसाठी मासे आणणाऱ्यांनी त्याच फ्रिजरमधले साधे फिलेट उचलावे, घरी मीठ-हळद आणि कोकमाचे आगळ लावून तव्यावर परतावे. ताजे बंगडे मिळत असतील तेव्हा मी पहिला कौल त्यांनाच देईन. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मात्र मासळीबाजारात आवक आटते आणि भाव चढतात, तेव्हा साध्या फिलेटचे एक पाकीट फ्रिजरमध्ये असू द्यावे.