'रेट्रोग्रेड'चा अर्थ शोधताना: ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी

मुलांच्या विज्ञान लेखांची मी भाषांतरं करते. 2025 च्या जानेवारीत मंगळावरच्या एका लेखात 'रेट्रोग्रेड' हे विशेषण आलं. मोबाइलवरच्या शब्दकोशाने एकच प्रतिशब्द दिला, प्रतिगामी. पण मराठीत प्रतिगामी असतात ते विचार. ग्रहाला तसं कुणी म्हणत नाही. वाक्य तिथेच अडलं.

मग ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी उघडली. डग्लस हार्पर या अमेरिकन माणसाने उभी केलेली ही साइट इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगते. वाचायला पैसे पडत नाहीत. शब्द टाकला आणि गाठ सुटली: लॅटिन 'रेट्रो' म्हणजे मागे, 'ग्रादी' म्हणजे पाऊल टाकणं, चालणं. 14 व्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तोच मुळी ग्रहांची उलटी चाल सांगायला. मागासलेपणाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे अ‍ॅपने मला नंतरचा अर्थ दिला होता, हवा होता पहिला. आणि त्याला आपल्याकडे पंचांगातला शब्द तयारच आहे: वक्री.

मला खरा आनंद झाला तो पुढे. त्याच 'ग्रादी'पासून 'प्रोग्रेस' आलाय, आणि आपल्या 'प्रगती'ची घडणही हुबेहूब तशीच, प्र आणि गती. 'वक्री' मात्र वेगळा. लॅटिनवाल्यांनी पावलं पाहिली, आपल्या लोकांनी वाटेचं वळण पाहिलं. ग्रह खरं तर मागे जातच नाही. आपली पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकते, म्हणून एसटीने ओलांडलेला ट्रक मागे सरकल्यासारखा वाटतो तसा तो दिसतो. हे वाक्य मी लेखात चौकट करून टाकलं.

रोजच्या वापरातले अर्थ आणि भरपूर उदाहरणं हवी असतील तर दुसरा शब्दकोश जवळ ठेवावाच लागेल. या साइटचं काम ते नाही. सगळा मजकूर इंग्रजीत आहे, त्यामुळे शाळकरी मुलांना सोबत कुणीतरी बसायला हवं. भाषांतर करणाऱ्यांनी आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांनी मात्र ती जरूर वापरावी.

त्या रात्री गच्चीत गेले. डिसेंबरात पुष्याजवळ पाहिलेला तांबडा मंगळ पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी येऊन थांबला होता. पश्चिमेकडे सरकलेला, वक्री.