आयटीआय की पॉलिटेक्निक? दहावीनंतरचा हिशेब

दहावी झाली, अकरावी-बारावीत मन नाही, की घरात दोनच नावं निघतात: आयटीआय नाहीतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. त्यात आयटीआय म्हणजे ‘मार्क कमी पडले वाटतं’ हा शिक्का उगाच बसलाय. कंपनीत मशीन बंद पडली की आधी फिटरलाच हाक जाते.

आयटीआयचा बहुतेक वेळ वर्कशॉपमध्ये जातो. फिटरची सुरुवातच कानस मारण्याने होते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरायचा, घासायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. माप व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या साधनावर) बसेपर्यंत सर जॉब, म्हणजे तो तुकडा, घेत नाहीत. ज्याला यात मजा येते, त्याने लोकांचं ऐकू नये. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड (आयटीआयचे अभ्यासक्रम) 2 वर्षांचे. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) 1 वर्षाचे. पुढे कारखान्यात अप्रेंटिसशिप, तीही विद्यावेतनासह. घरात लवकर पैसा यायला हवा असेल तर हाच रस्ता.

पॉलिटेक्निक म्हणजे 3 वर्षं, 6 सेमिस्टर आणि एमएसबीटीईची (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची) परीक्षा. इथे गणित पहिल्याच वर्षी आडवं येतं आणि अनेकांची पहिली केटी (राहिलेला विषय) त्यातच लागते. प्रॅक्टिकल असतात, पण निम्मा वेळ मॅन्युअल भरण्यात आणि सह्या घेण्यात जातो. खासगी कॉलेजची फीही आधी विचारून घ्या. सरकारीशी तिची तुलनाच नाही. मग एवढं कशासाठी? तर डिप्लोमानंतर सीईटी (प्रवेश परीक्षा) न देता इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. रेल्वेच्या कनिष्ठ अभियंता भरतीलाही डिप्लोमा लागतो, नुसत्या आयटीआयवर तो अर्ज भरता येत नाही. असिस्टंट लोको पायलटच्या (रेल्वेच्या सहायक चालकाच्या) भरतीत मात्र दोघेही बसतात.

दोन्हींच्या मधला रस्ता फार कमी पालकांना माहीत असतो. दहावी आणि 2 वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. एकूण 4 वर्षं जातात, पण हातात काम आणि कागद दोन्ही येतं. अडचण एकच: पहिल्या वर्षाचं गणित हुकलेलं असतं, ते घरी बसून भरून काढावं लागतं. 1 वर्षाचा ट्रेड घेतला तर ही सोय नाही. म्हणून पुढे शिकायची थोडी जरी इच्छा असेल, तरी 2 वर्षांचाच ट्रेड घ्या.

माझं मत विचाराल तर गणिताची भीती नसलेल्याने सरळ पॉलिटेक्निक घ्यावं, तेही सरकारी मिळालं तर. आयटीआय घेणाऱ्याने ऑप्शन फॉर्म (संस्था आणि ट्रेडची पसंती) भरण्याआधी संस्थेत एक चक्कर मारावी. ट्रेडला एनसीव्हीटीची (व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची) मान्यता आहे का, शिकवायला निदेशक आहेत का, आणि लेथ मशीन खरंच चालू आहेत की नुसते रंगवून ठेवलेत, हे तिथल्या सीनियर मुलांनाच विचारावं.