कॉकर स्पॅनियलच्या कानांसाठी क्लोरहेक्सिडिन आणि ट्रिस-ईडीटीएचे द्रावण : एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा अनुभव

आमचा मोती कॉकर स्पॅनियल जातीचा आहे आणि आम्ही रत्नागिरीत राहतो. लांब, केसाळ, लोंबणारे कान आणि कोकणातली पावसाळी हवा एकत्र आली की काय होते, हे या जातीचा कुत्रा सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी त्याच्यासाठी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आणि ट्रिस-ईडीटीए असलेले कान धुण्याचे द्रावण लिहून दिले. तेव्हापासून आम्ही ते सतत वापरत आलो आहोत. याच घटकांची द्रावणे अनेक कंपन्या विकतात, त्यामुळे येथे कंपनीचे नाव न देता घटकांविषयी आणि परिणामाविषयीच लिहितो.

द्रावण चांगले आहे, हे आधीच सांगतो. मात्र ते कान स्वच्छ ठेवणारे द्रावण आहे, कान बरा करणारे औषध नव्हे. हा फरक बाटलीवरच्या मजकुरातून पुरेसा स्पष्ट होत नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत पडद्याकडे वळते. त्यामुळे मळ आणि ओल तळाशी साचून राहते आणि वरून पुसल्याने ती निघत नाही. कापसाच्या काडीने तर मळ आणखी आत ढकलला जातो. द्रावण नळी भरेपर्यंत ओतायचे, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळायचे, चुबुकचुबुक असा आवाज येऊ लागला की कुत्र्याला डोके झटकू द्यायचे आणि वर आलेला मळ कापसाने टिपून घ्यायचा, ही पद्धत डॉक्टरांनी शिकवली. या द्रावणात अल्कोहोल नसल्याने लालसर, सोललेल्या कातडीवरही ते झोंबले नाही. मोती पहिल्या आठवड्यानंतर पळून जाईनासा झाला, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. उपचार चालू असताना आम्ही दिवसाआड कान धूत होतो, नंतर आठवड्यातून एकदा. त्याहून जास्त धुतल्यास नळीची कातडी सतत ओली राहून नरम पडते आणि संसर्गाला आयतीच जागा मिळते.

पहिल्या वेळी कानातून तपकिरी, चिकट मळ आणि आंबूस वास येत होता. डॉक्टरांनी मळ काचपट्टीवर घेतला, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि शेंगदाण्याच्या आकाराच्या पेशी मलाही दाखवल्या. ती मॅलासेझिया नावाची यीस्ट. ती निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही थोड्या प्रमाणात असते. ओल, उष्णता आणि सूज मिळाली की बेसुमार वाढते. क्लोट्रिमॅझोल आणि स्टिरॉइड असलेल्या थेंबांनी तो कान बरा झाला. द्रावणाचे काम एवढेच की थेंब मळावर न पडता कातडीपर्यंत पोहोचावेत.

हिवाळ्यात डाव्या कानातून पिवळसर हिरवा पू येऊ लागला. या वेळी काचपट्टीवर यीस्ट नव्हती, दंडाकृती जिवाणू होते, आणि कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पू वाढवून केलेल्या तपासणीत, स्यूडोमोनास नावाचा जिवाणू निघाला. आधीचेच थेंब घरी पुन्हा घातले असते तर महिना वाया गेला असता, म्हणून दर वेळी काचपट्टीची तपासणी करून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. डॉक्टरांनी ऑटोस्कोपने, म्हणजे कानात पाहण्याच्या उपकरणाने, पडदा शाबूत असल्याची खात्री केली आणि मगच द्रावण चालू ठेवू दिले, कारण पडदा फाटलेला असल्यास क्लोरहेक्सिडिन किंवा जेंटामायसिन या प्रतिजैविकासारखी द्रव्ये आतल्या कानाला इजा करू शकतात. ट्रिस-ईडीटीएचा खरा उपयोग येथे दिसला. ते अशा जिवाणूंचे बाहेरचे आवरण कमकुवत करते, त्यामुळे नंतर घातलेले प्रतिजैविक अधिक परिणाम करते. म्हणून द्रावणानंतर सुमारे वीस मिनिटांनी थेंब घालायचे, असा क्रम ठरला.

तरीही कान पुन्हा पुन्हा का बिघडतात, हा प्रश्न उरलाच होता. कानातले किडे किंवा गोचीड सापडली नाही. मोती पंजे सतत चाटत असे आणि त्याचे पोट लाल होत असे, त्यावरून डॉक्टरांना ॲलर्जीचा संशय आला. वारंवार कान बिघडणाऱ्या कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा हेच मूळ असते. यीस्ट आणि जिवाणू मागाहून येतात. ॲलर्जी अन्नाची आहे का, हे पाहण्यासाठी चाचणी म्हणून आठ आठवडे त्याला फक्त हायड्रोलाइज्ड, म्हणजे अगदी लहान तुकड्यांत मोडलेल्या, प्रथिनांचे खाद्य दिले. या काळात बिस्किटाचा तुकडासुद्धा चालत नाही, आणि घरातल्या सगळ्यांना हे पटवून देणे हा या उपचारातला सर्वांत कठीण भाग असतो. आजी ताटातली पोळी त्याच्यापुढे टाकायची थांबली, तेव्हा कुठे चाचणीला अर्थ आला. खाज कमी झाली नाही, म्हणजे कारण अन्नात नव्हते. धूळ आणि हवेतल्या घटकांची ॲलर्जी ठरली आणि ओक्लासिटिनिब या खाज कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनंतर कान इतके शांत राहिले, की त्यापूर्वी नुसत्या द्रावणाने ते कधीच तसे राहिले नव्हते.

बाटलीविषयी दोन तक्रारी आहेत. तोंडाची नळी कडक असून कानाला टोचते, आणि ती कानाला टेकली तर आतले द्रावण दूषित होण्याचा धोका राहतो. म्हणून आम्ही ते आधी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये घेतो. मोठ्या जातीच्या कुत्र्याला लहान बाटली फार दिवस पुरत नाही, तेव्हा मोठीच घ्यावी.

खोबरेल तेलाने नळीत मळ अधिक चिकटतो आणि व्हिनेगरने सोललेली कातडी झोंबते, त्यामुळे हे घरगुती पर्याय मी सुचवणार नाही. कुत्रा मान एका बाजूला कलती ठेवत असेल, चालताना झोकांड्या खात असेल किंवा कानाला हात लावताच विव्हळत असेल, तर हे किंवा दुसरे कोणतेही द्रावण घालण्याआधी डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यावा. कानाची पाळी अचानक फुग्यासारखी सुजली, तर डोके झटकून आत रक्त साचलेले असू शकते. त्यावर हे द्रावण काहीच करत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.