जुनी एअर रायफल घेताना झालेली माझी फसवणूक

सावंतवाडीत लाकडावर हात बसलेले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांच्यापैकी एका सुतारकाकांनी फणसाची चांगली वाळलेली फळी दाखवली तेव्हापासून तिचा दस्ता करून एखादी जुनी एअर रायफल नव्याने उभी करावी, असे माझ्या मनाने घेतले होते. ताकद वाढवण्याचा विचार नव्हता. दस्ता, स्प्रिंग आणि पिस्टनचे वॉशर एवढेच बदलायचे होते. त्यासाठी नवी रायफल मोडणे जिवावर आले, म्हणून स्वस्तातली जुनी शोधू लागलो.

ओळखीच्या ओळखीतून एक गृहस्थ भेटले. रायफल दोन वर्षे माळ्यावर पडून आहे, परवाना लागत नाही, किंमत साडेसहा हजार, असे त्यांनी फोनवर सांगितले. दुसरे गिऱ्हाईक रत्नागिरीहून निघाले आहे, या त्यांच्या वाक्यावर मी दोन हजार रुपये यूपीआयने पाठवले. (हे वाक्य मी पूर्वी जुन्या मोटारसायकलच्या वेळीही ऐकले होते, तरीही!) उरलेले पैसे कणकवलीच्या एसटी स्थानकाबाहेर भर पावसात दिले. त्यांची गाडी लागली होती. मी घाईघाईने दस्त्याची चीर पाहिली, नळी बिजागरीवर खाली वाकवून स्प्रिंगचा ताण पाहिला आणि गोणपाटात गुंडाळलेली वस्तू घेऊन परतलो.

माझी चूक इथेच झाली. जे बदलायचे होते तेच मी निरखले आणि जी नळी ठेवायची होती तिच्याकडे पाहिलेही नाही. छर्रे आणायचे मला सुचले नाही.

घरी नळीच्या मागच्या तोंडाशी ४.५ मिमीचा छर्रा ठेवला, तर तो घट्ट बसण्याऐवजी सरळ घरंगळत पुढून बाहेर पडला. रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर काळ्या रंगाखाली पुट्टी भरून बुजवलेला आकडा दिसला: पॉइंट दोन-दोन (०.२२ इंच), म्हणजे ५.५ मिमी. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्यातून सूट मिळते ती ४.५ मिमीपर्यंतच्या नळीला, आणि तीही छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर. म्हणजे पैसे तर गेलेच, शिवाय विनापरवाना शस्त्र माझ्या घरात आले होते. आकडा मुद्दाम बुजवलेला असल्याने विक्रेत्याला हे ठाऊक नव्हते, असे मी मानत नाही.

त्यांचा फोन बंद लागला. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला विचारल्यावर त्यांनी ती एक दिवसही घरात न ठेवण्याचा सल्ला दिला, तेव्हा मी लेखी अर्जासह ती पोलीस ठाण्यात जमा केली आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. यूपीआयच्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली; रोख दिलेल्या साडेचार हजारांचा मात्र माझ्याकडे कागदाचा कपटाही नाही.

त्याच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे नवी, साधी एअर रायफल थोड्याच जास्त पैशांत मिळत होती. ओळखपत्राची प्रत घेऊन ते रीतसर बिल देतात, आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास काउंटरवरच नळीत छर्रा बसवून दाखवतात. सुतारकाकांनी फळी अजून कापलेली नाही. आधी बिल दाखवा, मग माप घेतो, असे ते म्हणतात.