सामायिक क्लाउड डेस्कटॉप : ७ महिन्यांचा अनुभव आणि न रिकामा होणारा सर्व्हर

सेवेतून काढायचा म्हणून बाजूला ठेवलेला एक सर्व्हर पुढे ११ दिवस सुरूच राहिला आणि त्याचे पूर्ण बिल भरावे लागले, तेव्हाच हा अनुभव लिहायचे ठरवले होते. आमच्याकडे क्लाउडमधल्या ६ विंडोज सर्व्हरांवर ४० जण दुरून जोडून एकत्र काम करतात.

जुना सर्व्हर काढण्यापूर्वी तो ड्रेन मोडवर टाकला की त्यावर नवी सेशन्स (वापरणाऱ्यांची कामाची सत्रे) येत नाहीत. परंतु आधीची तशीच राहतात, आणि ज्याने साइन आउट न करता नुसती विंडो बंद केली, त्याचे सेशन डिस्कनेक्टेड अवस्थेत टिकून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सर्व्हरवर येतो. विंडोजमध्ये अशा सेशनला आपोआप संपवणारी कालमर्यादा मुळात नसते. ती ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या केंद्रीय सेटिंगमधून, आपणच लावायची असते. अवघ्या दोघांपायी आमचा सर्व्हर जागा होता, आणि मी दोष देत होतो ड्रेन मोडला. सेवा पुरवणाऱ्यांनी ‘सर्व्हर बंद करून पाहा’ एवढे सांगून माझ्या तक्रारीचे तिकीट दोनदा बंद केले, याचा मला अजूनही संताप आहे. कारण एफएसलॉजिक्सचे प्रोफाइल (प्रत्येकाची सेटिंग्ज आणि फायली सर्व्हरबाहेर वेगळ्या फाइलमध्ये ठेवणारी सोय) सेशन संपेपर्यंत त्या सर्व्हरला जोडलेले असते आणि तो तसाच बंद केल्यास प्रोफाइलची फाइल बिघडू शकते.

मात्र तो दोष मी मागे घेतो. रागाच्या भरात मी २ तासांची मर्यादा लावली आणि पहिल्याच रात्री एका सहकाऱ्याची लांबलेली आकडेमोड अर्ध्यात गेली. डिस्कनेक्टेड सेशनमध्ये प्रोग्राम चालूच असतात, हे मी विचारात घेतले नव्हते. आता सर्वसाधारण सर्व्हरांना ८ तासांची मर्यादा आहे, रात्रभर चालणाऱ्या कामांसाठी वेगळा गट आहे, आणि ड्रेन मोड लावण्यापूर्वी सर्वांना साइन आउट करण्याचा निरोप जातो. तेव्हापासून सर्व्हर एका दिवसात रिकामा होतो.

जुन्या सर्व्हरांवर अपडेट चढवत बसण्यापेक्षा ताज्या इमेजवरून (तयार सिस्टीमच्या साच्यावरून) नवे उभे करणे फारच सुखाचे ठरले. प्रोफाइल वेगळे असल्याने कोणालाही फरक जाणवला नाही.

खर्चाबाबत मात्र सावध राहावे. आमच्या सेवेत विंडोजमधून शटडाउन केले तरी सर्व्हरचे बिल चालूच राहते. सेवेच्या कन्सोलवरून सर्व्हर मोकळा (डीअ‍ॅलोकेट) करावा लागतो, आणि त्यानंतरही डिस्कचे पैसे लागतात. सर्व्हर हटवूनही मागे राहिलेल्या ३ डिस्क आज यादीत सापडल्या. त्यातली एक त्या ११ दिवसांच्या सर्व्हरचीच होती.