सावंतवाडीत दीनानाथांच्या तबकड्या उतरवून घ्यायच्या असतील तर

लाखेच्या जुन्या रेकॉर्डी धुऊन, वाजवून त्यांचं गाणं फाईलमध्ये उतरवून देणारं एक दुकान सावंतवाडीच्या बाजारपेठेत आहे. पाटी रेडिओ-दुरुस्तीची, काम मात्र आता बहुतेक या रेकॉर्डींचंच. दर तबकडीच्या एका बाजूला दीडशे रुपये, धुलाई त्यातच. दुकान कसं काम करतं हे बघायला मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या तबकड्यांइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. त्यांचा गळा चढा, धारदार, ताना झपाट्याच्या, आणि रेकॉर्डी नव्वदेक वर्षांच्या. यंत्रात किंवा माणसात जिथे कसर असेल, तिथे ती लगेच कानाला टोचते.

आधी धुलाई, कारण दुकानाची सगळ्यात चांगली बाजू तीच. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, ‘७८ची’ तबकडी म्हणजे लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांवर चढते तीच ही लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळते, फ्रेंच पॉलिश होतं ते याच गुणावर. म्हणून रेकॉर्डीवर स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं पाणी यातलं काही लावलं की खाचांचा वरचा थर गेलाच. एलपी, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डी, पुसायचे बाजारी द्रावही यात आले, त्यातल्या बऱ्याच द्रावांत अल्कोहोल असतं. दुकानात हे पक्कं माहीत आहे. आधी कोरडा मऊ ब्रश, मग लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे चार-पाच थेंब, ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, मधल्या कागदी लेबलवर रबराची चकती दाबून धरायची आणि मिनिटभरात साध्या डिस्टिल्ड पाण्याने खळखळून काढायचं. नळाचं पाणी नाही. क्षार खाचेत सुकतात आणि त्यांचीच नवी खरखर होते.

काठाला टवका उडालेली तबकडी ते पाण्यात घालत नाहीत, नुसत्या ओल्या कापडाने पुसतात. काही कंपन्यांच्या रेकॉर्डींत लाखेच्या दोन थरांमध्ये कागद असतो. टवक्यातून पाणी आत गेलं की तो फुगतो आणि वरचा थर सुटतो. हे न विचारता करणारा कारागीर मिळणं कठीण.

सुकवण्याचं मात्र ऋतूवर आहे. मे महिन्यात सावलीत, ताटाळ्यात उभ्या ठेवलेल्या रेकॉर्डी तासा-दोन तासांत कोरड्या होतात. आषाढात दिवस गेला तरी खाचेत ओल राहते आणि चौथ्या दिवशी बुरशीची पांढरी नक्षी पुन्हा हजर. दुकानदार पावसात काम घेतात, पण खूश होऊन नाही: “आता नको, दसऱ्याक घेवन या.” ऐकावं. गणपतीत मुंबईकर गावी आले की माळे साफ होतात, पेट्या उघडतात आणि दुकानात रेकॉर्डींचा ढीग लागतो. त्या पंधरा दिवसांत दिलेलं काम घाईचं होतं, हे सरळ दिसतं.

आता वाजवणं. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद, त्यामुळे सुईचं टोक इंचाच्या एक हजारांशाच्या तिप्पट, म्हणजे ‘तीन हजारांश’, लागतं. एलपीची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घरंगळत राहते, गाण्याऐवजी तळातली धूळ वाजते. दुकानात तीन हजारांशची सुई आहे, साडेतीनचीही आहे. अडीचची नाही, आणि दीनानाथांच्या तबकड्यांसाठी नेमकी तीच हवी होती. या रेकॉर्डी त्या काळी पोलादी सुईच्या जड साउंडबॉक्सवर, म्हणजे ग्रामोफोनच्या सुई धरणाऱ्या डोक्यावर, वाजल्या. दर बाजूला सुई बदलायची असते हे कितीजण पाळत होते? बोथट सुईने खाचेच्या भिंती एका ठरावीक उंचीवर खाल्ल्या. थोडी बारीक सुई त्या खाल्लेल्या पट्ट्याच्या खाली बसते आणि तिथे अजून ताजा आवाज सापडतो. रुंद सुई वरच्या भिंतीला धरते, कधी तिथेही नशीब उघडतं. म्हणून चार मापांच्या सुयांनी तोच तुकडा वाजवून बघायचा असतो. इथे दोनच सुयांवर निर्णय होतो.

झीज सर्वात जास्त कुठे दिसते? शेवटच्या अर्ध्या मिनिटात. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ९८ सेंटिमीटर धावते, लेबलजवळ आल्यावर ४० च्या आसपास. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. आणि एका बाजूला मिळायची तीन-सव्वातीन मिनिटं. रंगमंचावर वन्समोअर घेत लांबणारं पद तेवढ्यात बसवायचं म्हणजे आलापाला कात्री आणि तानांचा पाऊस शेवटाकडे. गायकाने सगळ्यात जोर लावलेली जागा आणि तबकडीची सगळ्यात दुबळी जागा अशी एकमेकींवर येते. ‘परवशता पाश दैवे’ची तबकडी लावा आणि शेवटच्या तानांकडे कान द्या. आवाज फाटल्यासारखा वाटतो तो गळा नव्हे, खाच आहे. ही झीज कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. दुकानात हे तोंडावर सांगतात, त्याचे गुण द्यायला हवेत.

वेगाबद्दल मात्र वाद आहे. दुकानाची तबकफिरकी बरोबर ७८ वर लावलेली असते. ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची चकती ठेवून ते तपासतात, रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, आणि तेही लुकलुकणाऱ्या निऑनच्या दिव्याखाली, कारण बऱ्याच एलईडी दिव्यांत ती लुकलुक मिळतच नाही. इथवर उत्तम. पण त्या काळातल्या सगळ्या रेकॉर्डी ७८ वरच कापल्या गेल्या असं नाही. ७६ ही सापडतात, ८० ही. ८० वर कापलेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ पाव सुराने उतरतो. एवढा फरक दुसऱ्या कुणाच्या आवाजात खपून जाईल. दीनानाथांच्या गाण्यातली धार त्या चढ्या पट्टीतच आहे, ती उतरली की तोच गायक जरा दमल्यासारखा वाटतो. उपाय साधा आहे: साथीची पेटी ऐकायची. पट्टी दोन स्वरांच्या बरोबर मधे लोंबकळत असेल तर वेगावर शंका घ्यायची आणि एक-दोन फेरे वरखाली करून बघायचं. त्या वेळच्या पेट्या आजच्या पट्टीला तंतोतंत जुळलेल्या नसायच्या, म्हणून हा पुरावा अर्धाच. तरी न ऐकता ७८ वर सोडून देण्यापेक्षा बरा. दुकानात सांगितलं तर वेग बदलून देतात, आपणहून कुणी करत नाही. पावतीवर लिहून घ्या.

विजेचा आणखी एक मुद्दा. पावसाळ्यात वीज जाते, काम इन्व्हर्टरवर चालू राहतं आणि स्वस्त इन्व्हर्टरची भणभण थेट पिकअपमध्ये शिरते. फाईल मिळाली की सुई टेकल्यापासून गाणं सुरू होईपर्यंतचे दोन-तीन सेकंद हेडफोनवर ऐका. तिथे सलग घुमणारा आवाज असेल तर बाजू पुन्हा उतरवून मागा. कुरकुर न करता देतात.

खरी तक्रार सफाईची. खरखर घालवण्याच्या नादात इथे फिल्टर फार जोरात चालवतात. टकटक काढणारं सॉफ्टवेअर आवाजातला प्रत्येक अचानक उसळलेला टोकदार क्षण शोधतं. त्याला ओरखडा आणि दीनानाथांची जलद तान यांतला फरक कळत नाही. तानेचे दाणे बोथट होतात, ‘ट’, ‘ठ’, ‘क्ष’ गुळगुळीत होतात. ‘मर्मबंधातली ठेव ही’मधला ‘ठे’ घासून काढल्यासारखा येतो. त्यावर सूंऽऽ आवाज काढणारा दुसरा फिल्टर बसला की गायक गोधडीखाली बसून गातोय असं वाटतं. या तबकड्यांत मुळातच पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाण्याचं फारसं काही नसतं. तेवढा वरचा भाग हलक्या हाताने कापला, मोठे ओरखडे एकेक करून हाताने काढले आणि बाकीची खरखर राहू दिली तर पाच मिनिटांत कान तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. गेलेला ‘ठ’ परत येत नाही.

म्हणून काम देतानाच दोन फाईली मागायच्या. एक, काहीही सफाई न केलेली मूळ फाईल, वेव्ह स्वरूपात, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ. एका बाजूची मोनो फाईल ५५-५६ एमबी होते, म्हणजे दहा तबकड्यांच्या वीस बाजू सव्वा जीबीच्या आत. दुसरी, सफाई केलेली, फोनवर ऐकायला. न सांगता काम दिलं तर दुकान फक्त एमपी३ देतं, आणि मूळ फाईल महिन्याभराने पुसून टाकतं. अॅम्प्लिफायरबद्दलही विचारा. आजच्या फोनो-अॅम्पमध्ये (सुईचा क्षीण आवाज मोठा करणाऱ्या यंत्रात) बसवलेला उतार, म्हणजे वरचे स्वर किती दाबायचे ते माप, १९५० च्या दशकात ठरलेल्या एलपीच्या प्रमाणावर आहे. तो ७८ ला लावला की वरचे स्वर मेल्यासारखे आणि आवाज घोगरा. दुकानात असा उतार नसलेला सपाट अॅम्पही आहे, पण एलपीचं गिऱ्हाईक येऊन गेलं की बटण तिकडेच राहतं.

फाईलसोबत मिळणाऱ्या माहितीच्या कागदाला नापास. नावं फोनवरच्या कुठल्याशा अॅपमधून भरलेली असतात, आणि ‘मंगेशकर’ दिसलं की अॅप लेकींपैकी कुणाचं तरी नाव टाकून मोकळं. खरं तर या कागदाला कोकणातच पुरेसा मजकूर आहे. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातल्या मंगेशीचा, सावंतवाडीहून पणजीच्या रस्त्याने जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर. पहिले गुरू बाबा माशेलकर. कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत, आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत स्वतःची बळवंत संगीत मंडळी. ‘रणदुंदुभि’ १९२७ चं, वीर वामनराव जोशींचं, ‘परवशता’ त्यातलं. ‘मर्मबंधातली’ १९३१ च्या ‘संन्यस्त खड्ग’मधलं, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असतानाचं नाटक. आणि या दोन्ही पदांच्या चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या, म्हणजे खुद्द सावंतवाडी संस्थानातल्या ओझऱ्याच्या माणसाच्या! त्यांच्याच गावाजवळच्या दुकानात संगीतकाराचा रकाना कोरा सोडलेला बघून वाईट वाटतं. नाटकाचं नाव, साल, कवी, चाल कुणाची, आणि तबकडीवरचा कंपनीचा क्रमांक एवढं स्वतः लिहून द्या. क्रमांक लेबलवर असतो आणि लेबलाबाहेरच्या गुळगुळीत पट्ट्यातही कोरलेला असतो. लेबल वाळवीने खाल्लं असेल तर तिरक्या उजेडात तो कोरलेला वाचता येतो.

एका गोष्टीची अपेक्षा धरून जाऊ नका. ‘मानापमान’चा धैर्यधर किंवा ‘भावबंधन’मधली लतिका दीनानाथ रंगमंचावर कशी उभी करायचे, हे या फाईलींत नाही. १९३४ मध्ये बळवंतच्याच लोकांनी ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला, पण कर्ज आणि आजारपणात पुढची वर्षं गेली आणि २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. हातात उरतो तो हाच आवाज, तीन-तीन मिनिटांचा, म्हणून त्याच्या बाबतीत एवढी खळखळ.

तबकड्या नेताना आडव्या रचून नेऊ नका. खालची दबते, आणि महामार्गावरच्या एका खड्ड्यात दोन फुटतात. उभ्या, प्रत्येकीमध्ये पुठ्ठा, खोका घट्ट भरलेला. गाडीच्या मागच्या काचेखाली तर अजिबात नको. एप्रिलच्या उन्हात लाख अर्ध्या तासात वाकते. परत देताना दुकान स्वतः पुठ्ठे घालून, दोरीने बांधून देतं आणि खोक्यावर जाड पेनाने लिहितं: ‘सांभाळून, फुटतली’. जुनी कागदी पाकिटं मात्र बुरशीसकट परत मिळतात, ती फेकून नवी घाला. नवी पाकिटं दुकानातच आठ रुपयांना एक मिळतात, आणि रेकॉर्ड धुऊन पुन्हा त्याच बुरशीच्या पाकिटात घालणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार काय म्हणतात, ते इथे छापण्यासारखं नाही.