विलचा वाढदिवस कुणालाच आठवला नाही

आमच्या खानापुरात पावसाळ्यात संध्याकाळनंतर विजेचा भरवसा नसतो. म्हणून नातवानं बेळगावहून येताना टॅबमध्ये भाग उतरवून आणले आणि आषाढभर आम्ही दोघांनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही नेटफ्लिक्सची इंग्रजी मालिका बघितली. चार सीझन, 34 भाग, हिंदी डबिंगमध्ये. पाचवा त्याच्या परीक्षेनंतर बघायचा ठरलाय, तेव्हा हे लिहिलंय ते पहिल्या चारांबद्दल. कथेतल्या बऱ्याच गोष्टी इथे उघड होतील, ज्यांना बघायची आहे त्यांनी आधी बघून घ्या.

राक्षस किती अक्राळविक्राळ दाखवलाय, यात मला फारसा रस नाही. त्याचे नियम काय आणि तो ते पाळतो का, हे मी बघते. आमच्या जंगलपट्टीतल्या गोष्टींतला देवचारसुद्धा आपली शीव ओलांडत नाही, म्हणून तर शिवेवर पाय अडखळतो. त्यानं वाट्टेल तिथे यायचं ठरवलं तर गोष्टीत राहिलं काय?

पहिला सीझन या बाबतीत चोख आहे. 6 नोव्हेंबर 1983 च्या रात्री इंडियानातल्या हॉकिन्स गावात विल बायर्स हा मुलगा सायकलवरून घरी येताना नाहीसा होतो. पुढे बार्ब नावाच्या मुलीचा हात बिअरचा डबा फोडताना कापतो, रक्ताचे थेंब स्विमिंग पूलमध्ये पडतात आणि तीही गायब होते. त्या वेळी कुणी काही समजावून सांगत नाही. नंतर बार्बची मैत्रीण नॅन्सी आणि विलचा भाऊ जोनाथन आपले तळहात चिरून राक्षसाला रक्ताचंच आमिष लावतात, तेव्हा नातू ओरडला, “आज्जी, बार्बचं रक्त बघ की!” दहा वर्षांच्या पोराला दुवा आपोआप सापडला. लिहिणाऱ्यानं नीट पेरलं होतं, म्हणून सापडला.

चौथ्या सीझनमधला एक प्रसंग तर मी दोनदा बघितला. राक्षस जिथून येतो ते म्हणजे हॉकिन्सचंच अंधारं, उलटं जग. नॅन्सी तिथल्या आपल्याच खोलीत शिरते. बुटांच्या खोक्यात पिस्तुलं असायला हवीत, तर निघतात नुसते बूट. मग ती आपली डायरी उघडते. शेवटची नोंद 6 नोव्हेंबर 1983 ची. ते जग विल हरवला त्या दिवशीच थबकलंय! ना स्फोट, ना किंकाळी, एक वहीचं पान बघून अंगावर काटा आला.

पण तारखेवर एवढी मोठी गोष्ट उभी करणारी हीच मंडळी त्याच सीझनमध्ये दुसरी तारीख विसरतात. दुसऱ्या सीझनमध्ये विलच्या अंगात उलट्या जगातली एक सावली शिरलेली असते. त्याची आई जॉयस घराजवळच्या शेडमध्ये त्याला परत आणायला आठवणी सांगते. 22 मार्च, तुझा वाढदिवस. आठवा लागला तेव्हा मी तुला 120 रंगांची पेटी दिली होती, तू त्यानं अवकाशयान काढलं होतंस. मालिकेतली सगळ्यात सुंदर जागा ती हीच. आणि चौथ्या सीझनच्या दुसऱ्या भागात मुलं स्केटिंगला जातात, तिथल्या व्हिडिओवर तारीख दिसते 22 मार्च. त्या दिवशी त्याला कुणी शुभेच्छाही देत नाही. मित्र नाही, भाऊ नाही, आईसुद्धा नाही.

मी 31 वर्षं तालुक्यातल्या मराठी शाळांत शिकवलं. जनरल रजिस्टरात जन्मतारखा मी हातानं लिहिल्यात. तारीख ठाऊक नसली की 1 जून लिहायचा, ही तेव्हाची रीत, त्यामुळे अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकच. पण एका पोराच्या आईनं तो लिहू दिला नाही. “हुताशनीच्या आदल्या दिवशी झालाय, बाई, पंचांग काढून बघा,” म्हणाली. मी काढलं आणि खरी तारीख लिहिली. दाखला मात्र दुसऱ्याच्या हातून गेला आणि त्यावर 1 जूनच पडला. पुढे गोव्यात नोकरीला लागताना त्याला किती हेलपाटे पडले, हे मी बघितलंय. आई तारीख विसरत नाही. म्हणून जॉयसचं विसरणं मला पटलंच नाही. त्यामुळे शेडमधला तो प्रसंग मागे जाऊन हलका होतो, याचं वाईट वाटतं.

मालिका करणाऱ्या डफर बंधूंनी 2022 मध्ये मुलाखतीत कबूल केलं की आम्ही विसरलोच. जुन्या भागातला मार्च बदलून मे करावा, असंही त्यांनी बोलून दाखवलं. कबुली दिली हे चांगलं केलं, पण खाडाखोड नको. रजिस्टरात चूक झाली तर आम्ही लाल शाईनं दुरुस्ती करून सही करायचो, खालचं अक्षर दिसेल अशी.

बाकी मुलं एकदम थोराड दिसतात, ते मी मनावर घेत नाही. तिसरा सीझन 2019 चा, चौथा 2022 चा, कथेत मात्र वर्षही उलटत नाही. पोरं वाढणारच. प्रयोगशाळेतल्या 1979 च्या हत्याकांडाचं मात्र तसं नाही. त्या प्रयोगशाळेत वाढलेल्या, अद्भुत शक्ती असलेल्या इलेव्हन या मुलीला ते आठवत नव्हतं म्हणून तीन सीझन त्याचा पत्ताच नाही, ही सोय मला खटकली.

बारीकसारीक दुवे शेवटपर्यंत सांभाळलेलं काही बघायचं असेल तर ‘डार्क’ ही जर्मन मालिका बघा. तीन सीझन, 26 भाग, काळाचा 33 वर्षांचा फेरा, चार घराणी. मी वहीत वंशावळ मांडून बघितली. मोठ्यांनीच बघावी, मुलांना घेऊन नको.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मात्र मुलांबरोबरही बघता येते, दहाच्या पुढच्या, आणि शेजारी मोठं माणूस असेल तर. व्हिडिओवर ती तारीख दिसली तिथे नातवानं टॅब थांबवला. घरात बेळगावचा गोड कुंदा होता. त्यानं दोन वाट्यांत काढून आणला आणि म्हणाला, “विलचा वाढदिवस आज.” खाऊन झाल्यावर पुढचा भाग लावला.